मुंगूसशेठचं मानाचं पान

रानात भुईमुगाच्या शेंगा देऊन व्यवहार चालत, तेव्हाची ही गोष्ट. एका खारीने पावसाळ्यात पिल्लांना पुरतील अशा दोनशे शेंगा ढोलीत साठवल्या होत्या.

एकदा दुकानदार मुंगूसशेठ तिला म्हणाला, "ताई, हे सागाचं पान ठेवा. वर्षाला फक्त वीस शेंगा. पान दाखवून हवं ते न्या, शेंगा पौर्णिमेला द्या. शिवाय दर दहा शेंगांच्या खरेदीवर सूर्यफुलाची एक बी फुकट."

फुकट म्हटल्यावर खारीला राहवेना. तिने साळिंदराच्या काट्याचा कंगवा घेतला, मोरपिसाचा पंखा घेतला, कासवाला शोभेल असा पाटही घेतला.

"अगं, पाट कशाला?" शेजारच्या साळुंकीने विचारलं.

"पाटावर चार बिया मिळाल्या ना गं."

वर्ष सरलं. साळुंकीने तिला समोर बसवून हिशेब मांडला. "पंधरा बिया आल्या. त्यासाठी पानाच्या वीस आणि खरेदीच्या दीडशे शेंगा गेल्या. उरल्या तीस. पिल्लं काय खातील?"

खार वरमली आणि पान परत करायला तडक दुकानात गेली.

"परत कसलं करता, ताई?" मुंगूसशेठ हसला. "तुमच्यासारख्या मानाच्या गिऱ्हाइकाला यंदा पिंपळपान. चाळीस शेंगा, पण दहाला दोन बिया."

खारीने ढोलीतल्या तीस शेंगा आणून मोजून दिल्या आणि उरलेल्या दहा नव्या पानावर उधार लिहायला सांगितल्या. त्या दहांवर दोन बिया मिळाल्या, हे सांगायला ती साळुंकीकडे धावत गेली.