राजाच्या किडक्या दाढा

फार फार वर्षांपूर्वी, डोंगरापलीकडच्या एका राज्यात एक राजा होता. त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाढा किडल्या. घास चावला की कळ थेट मस्तकात जाई आणि राजा भरल्या ताटावरून उठे.

राज्यातली दंतवैद्य म्हातारी होती. तिने राजाचं तोंड उघडून नीट पाहिलं.

"महाराज, दाढांच्या भिंती अजून भक्कम आहेत," ती म्हणाली. "कीड खरवडून काढते, खड्ड्याचा मेणात ठसा घेते आणि त्याच मापाचा सोन्याचा तुकडा घडवून आत बसवते. तुमच्याच दाढा जन्मभर चावतील."

राजाने विचारलं, "ते सोनं लोकांना दिसेल का?"

"छे! ते पार मागे."

"मग काय उपयोग? सोनं पुढच्या दातांवर चढव!"

"पुढचे दात निरोगी आहेत, महाराज. सोनं चढवायचं तर ते झिजवावे लागतील."

"मग झिजव!"

ऐकलंत ना? धडधाकट दात झिजवायचे आणि किडक्या दाढा तशाच ठेवायच्या! बरं, दरबारी तरी काही बोलले का? छे हो! "महाराजांना काय शोभून दिसेल!" म्हणत सगळ्यांनी माना डोलावल्या. लाज कशी वाटली नाही मेल्यांना!

म्हातारी भडकली. "चांगल्या दाताला मी कानस लावणार नाही," असं तोंडावर सांगून ती चालती झाली.

राजाने दुसरा वैद्य आणवला. त्या लाळघोट्याने मुकाट्याने दात झिजवले आणि सोन्याने मढवले. राजा हसला की दरबार टाळ्या पिटी. पाठोपाठ सरदारांनीही आपले चांगले दात झिजवून घेतले. आता या अकलेला काय म्हणावं!

इकडे कीड दाढा आतून पोखरतच होती. एका मेजवानीत राजाने भाकरीचा घास चावला आणि एका बाजूच्या दाढांच्या भिंती कोसळल्या. थोड्याच दिवसांत दुसऱ्या बाजूच्या दाढांचीही तीच गत झाली. मुळं सडली होती, ती उपटावी लागली.

राजाने म्हातारीला पालखी धाडली. "आजी, हवं तेवढं सोनं घे, पण आता माझ्या दाढा भर!"

म्हातारीने तोंडात पाहिलं आणि तिला रडूच आलं. "सोनं आहे, महाराज. माझे हातही आहेत. पण बसवू कशात?"

त्या दिवसापासून राजा पेजेवर राहिला.

म्हणून लहानथोरांनो, एवढं ध्यानात ठेवा: दिखाव्यासाठी जो कामाची गोष्ट कुजू देतो, त्याला पुढे सगळा खजिना ओतूनही ती परत मिळत नाही.