बांधावरचे ठसे

एका डोंगराच्या पायथ्याशी तळं होतं, आणि त्या तळ्यातल्या लव्हाळ्याच्या बेटावर एक पाणकोंबडी आपल्या पिलांना घेऊन राहत असे. वरच्या अंगाला गव्यांचा कळप राही, खालच्या अंगाला रानडुकरांचा. पाणी सगळ्यांना पुरून उरेल एवढं. पण आधी कुणी प्यायचं, यावरून दोघांची जुंपली. आणि जुंपली कुठे, बाळांनो? तर थेट तळ्याचं पाणी अडवणाऱ्या बांधावरच! गवे मागे हटले, डुकरं "जिंकलो, जिंकलो" म्हणून नाचली, आणि बांध मधोमध फुटला.

पाणी भळाभळा वाहू लागलं. काठावर कोल्हा जिभल्या चाटत बसला होता. पाणी ओसरलं की त्याला कोरड्या पायांनी घरट्यापर्यंत जाता येणार होतं. पिलांना तर अजून पंखही फुटले नव्हते.

पाणकोंबडी धावली ती डुकरांच्या म्होरक्याकडे. "दादा, बांध बुजवा हो!"

"आम्ही? आम्ही जिंकलोय! हरले त्यांना सांग."

मग ती थोरल्या गवीकडे गेली. गवी म्हणाली, "आम्ही मार खाऊन बसलोय, बाई. तळं ज्यांनी जिंकलं, त्यांनीच सांभाळावं."

आता मात्र पाणकोंबडी खवळली. "चला दोघंही बांधावर! बोलू नका, नुसतं खाली बघा." खाली चिखलात गव्यांचे रुंद खूर खोल उमटले होते, अन् शेजारी डुकरांनी सुळ्यांनी उकरलेले खड्डे. "यात माझ्या पिलांचं पाऊल कुठं दिसतंय का? दाखवा!"

दोघांच्याही माना खाली गेल्या. मग गवी हळूच म्हणाली, "खूर आमचेच गं." आणि ती खिंडारात उतरली.

"उकरलं तर आम्हीच," म्होरक्या पुटपुटला आणि नाकाडानं माती लोटू लागला. पण लोटलेली माती पाण्याबरोबर वाहून जाई.

गवी हसली. "अहो जिंकलेल्यांनो, नुसती माती टाकून बांध होतो का? तुम्ही लोटा, आम्ही तुडवतो."

मग काय! ज्या नाकाडांनी बांध उकरला, तीच भर घालू लागली. ज्या खुरांनी तो फोडला, तेच माती दाबू लागले. दिवस कलता कलता धार थांबली. तळ्यात येणारा डोंगरातला झरा वाहताच होता. तळं पुन्हा चढू लागलं. कोल्ह्यानं पाण्यात पाय घालून पाहिला, शिंकला आणि चालता झाला. पाणकोंबडीनं एकेक पिलू पंखाखाली ओढून घेतलं. सगळी होती.

तात्पर्य : लढाईत कुणी जिंको, कुणी हरो, ज्यांनी मोडलं, त्यांनीच ते पुन्हा उभं करावं.