नानांना कोण बघतं?

“आणि तो आवाज कसा होता?” भीमपुरी बाबांनी विचारलं.

हितेंद्र घाईत होता, तरी त्याला थांबावं लागलं. कॉम्प्युटरच्या धंद्यात आपण कसे शिरलो हे तो भराभर सांगून टाकत होता, आणि बाबांनी त्यातला नेमका एक बारका धागा चिमटीत धरला होता.

“करकर… मग किंचाळल्यासारखा… मग नुसता फस्स. टेलिफोनच्या तारेतून एक कॉम्प्युटर दुसऱ्याला हाक मारायचा, त्याचा आवाज. भुसावळला स्टेशनासमोर एक दुकान होतं. नाना मला सायकलवर डबलसीट घेऊन गेले होते. नुकती दहावी झाली होती माझी.”

“नाना काय म्हणाले?”

“म्हणाले, कोण विव्हळतंय रे आत? मी म्हटलं, कोणी नाही नाना, मशीन मशीनला हाक मारतंय. तर म्हणाले, मग ते दुसरं लवकर ओ का देत नाही? किती रडवायचं एखाद्याला.”

बाबा हसले नाहीत.

“बरोबर बोलला लीलाधर,” एवढंच म्हणाले.

तापीच्या काठी, केळीच्या बागा संपतात तिथे गोसाव्यांचा हा लहानसा मठ आहे. एक दगडी खोली, तिच्यामागे स्वयंपाकाची पडवी, पुढे ओटा आणि ओट्यावर निंबाची सावली. बाबांचे केस काळे होते तेव्हापासून ते तिथेच. लीलाधर भंगाळे, म्हणजे हितेंद्रचे वडील, नाना, दर गुरुवारी सायकलवर यायचे, बाबांसमोर बसायचे आणि ऊन कललं की उठून जायचे. फारसं बोलणं होत नसे. दोघांचंही त्यावाचून काही अडत नसे.

आता नाना अंथरुणाला खिळले होते. उजवं अंग लुळं पडलं होतं, जीभ जड झाली होती. आणि गेल्या काही दिवसांपासून त्यांनी अन्न सोडलं होतं. चमचा तोंडाशी नेला की ओठ घट्ट मिटून घ्यायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उद्यापर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. आणि या वयात एकदा नळी गेली की ती बहुधा निघत नाही.

म्हणून हितेंद्र पहाटेच पुण्याहून निघाला होता. गाव मठापासून हाकेच्या अंतरावर. केळीच्या पानांवरून घराचं पाण्याचं टाकंसुद्धा दिसत होतं.

“घरून आलास?” बाबांनी विचारलं.

“नाही, आधी इकडेच. तुम्हाला घेऊन जावं म्हटलं. नाना तुमचं ऐकतात. तुम्ही दोन घास भरवलेत तर खातील ते.”

बाबा निंबाकडे बघत राहिले…

“तू काय करतोस आता तिकडे?”

“बोलणारं मशीन बनवतो. तुम्ही बँकेला फोन लावला की आतून एक बाई बोलते ना? एक दाबा, दोन दाबा, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे… ते.”

“महत्त्वाचा आहे तर उचलत का नाहीत?”

हितेंद्र मनापासून हसला. घाई थोडी विसरली गेली.

“यावरच तर मी बोलतो, बाबा. लोक भाषणाला बोलावतात मला. मी लिहितो तेही खूप जण वाचतात. कंपनीतल्या वरच्या लोकांना झोंबतं. पण खरं ते खरं.”

“काय खरं?”

हितेंद्र मांडी ठोकून बसला. हा प्रश्न त्याच्या जिव्हाळ्याचा होता.

“कंपनीला हात नसतात, हे खरं. तिला सगळं दुसऱ्याकडून करून घ्यायचं असतं. अमेरिकेतलं काम पुण्याला आलं तेव्हा आम्ही पेढे वाटले. तिकडे कोणाची चूल विझली ते कोणी विचारलं नाही. आता पुण्याचं काम आणखी स्वस्त देशात चाललंय, आणि तिथून मशीनकडे जाईल. प्रत्येक जण म्हणतो, मी फक्त पुढे दिलं. तक्रार घेऊन जा, हा त्याच्याकडे बोट दाखवतो, तो तिसऱ्याकडे. कामाला हात लावलेला माणूसच सापडत नाही, बाबा. शोधून सापडत नाही.”

“हात नाहीत, मग कंपनी जेवते कशी?”

“दुसऱ्याच्या हाताने. पण जेवते भरपूर.”

बाबांच्या मिशीत हसू हललं.

हितेंद्रला आणखी चेव आला. त्याने खिशातून फोन काढला.

“हे बघा. याचं झाकण उघडत नाही. मुद्दाम चिकटवून टाकलंय. आतली बॅटरी दमली की अख्खा फोन फेका आणि नवा घ्या. दुरुस्त करून वापरणारा माणूस त्यांना परवडत नाही. विकत आपण घ्यायचं, मालक ते.”

बाबांनी फोन हातात घेतला, उलटा केला, नखाने कड चाचपली. मग स्वतःच्या छातीवर टिचकी मारली.

“याचंही उघडत नाही.”

“पण याला कोणी फेकत नाही, बाबा.”

“नाही. जाळतात.”

वाऱ्याने केळीची फाटकी पानं सळसळली.

“नानांना कोण बघतं?” बाबांनी विचारलं.

“मी बघतो,” हितेंद्र लगेच म्हणाला. “रोज बघतो. ऑफिसातून, गाडीतून, कुठूनही.”

त्याने फोनवर बोट फिरवलं आणि पडदा बाबांपुढे धरला. पडद्यावर घरातली खोली होती. खाट, खाटेवर पांघरूण, पांघरुणाखाली नाना. इतके लहान, की बाबांनी फोन जवळ ओढून घेतला.

“भिंतीवर कॅमेरा लावलाय. नानांनी कूस बदलली तरी मला कळतं. अंधारातसुद्धा स्पष्ट दिसतं. शिवाय एजन्सीची बाई असते. आधी गोदावरीबाई होत्या, नानांचा त्यांच्यावर जीव बसला होता. पण एजन्सीने त्यांना दुसरीकडे पाठवलं. मग त्या एजन्सीने हे काम दुसऱ्या एजन्सीला दिलं. आता एक नवी मुलगी येते. चांगली आहे बिचारी, पण तिला नानांची बोली कळत नाही. मी तक्रार केली. ही एजन्सी म्हणते त्यांना विचारा, ती म्हणते यांना विचारा.”

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. हितेंद्र आपल्याच नादात होता.

“आणि हे तर मी स्वतः बनवलंय. ऐका.”

त्याने फोनवर काहीतरी दाबलं. फोनमधून हितेंद्रचाच आवाज आला. एरवीपेक्षा जरा मऊ, जरा सावकाश.

“नाना, मी आहे. घास घ्या.”

आणि थोडं थांबून :

“नाना, मी आहे. पाणी घ्या.”

“नानांच्या उशाशी डबी ठेवलीय. जेवणाच्या वेळी, गोळीच्या वेळी आपोआप बोलते. एकदाही चुकत नाही. डॉक्टर म्हणाले, मुलगा असावा तर असा.”

“नाना ओ देतात?”

“आधी द्यायचे. गोदावरीबाई सांगायच्या, डबी बोलली की नाना तिच्याशी कितीतरी वेळ बोलत बसतात. पिकाचं, पावसाचं, काय काय…”

“मग डबी काय म्हणते?”

“ती काय म्हणणार? तिला ऐकू येत नाही. तिचं काम फक्त…”

हितेंद्र थांबला.

“आता नाही बोलत नाना,” तो म्हणाला.

“तुला ते दिसतात.”

“हो. अगदी स्पष्ट.”

“त्यांना काय दिसतं?”

“त्यांना?” असा विचार त्याने कधी केला नव्हता. “भिंत दिसत असेल. वर कॅमेऱ्याचा हिरवा दिवा…”

बाबांनी फोन परत दिला.

“तू कधी भरवून पाहिलंस?”

“मला नाही येत, बाबा. लकवा झालेल्या माणसाला भरवणं म्हणजे खेळ नाही. मान कशी धरायची, चमचा किती भरायचा… एखादा घास चुकीच्या नळीत गेला तर जिवावर बेततं. शिकलेली माणसं असतात त्यासाठी. ज्याचं काम त्याने करावं.” त्याचा आवाज खाली गेला. “माझे हात थरथरतात, बाबा. म्हणून तर तुमच्याकडे आलो. चला ना. तुम्ही नाही म्हणालात तर उद्या नळी घालतील.”

“म्हणशील तर येईन,” बाबा म्हणाले.

हितेंद्र लगबगीने उठला. “चला मग.”

“आधी तू जेव. तोंड सुकलंय तुझं.”

“नको बाबा, वेळ…”

“दोन घास खा. उपाशी माणसाने उपाशी माणसाकडे जाऊ नये.”

बाबांनी त्याला ओट्यावर बसवलं नाही. आतल्या दगडी खोलीत नेलं, पडवीकडच्या भिंतीकडे तोंड करून पाट मांडला आणि ताट आणून पुढे ठेवलं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, तुरीचं वरण, ठेचा. बाजूला पाण्याचा तांब्या.

“तुम्ही नाही बसत?”

“मी आहेच,” बाबा म्हणाले आणि पडवीत निघून गेले.

हितेंद्रने भाकरी मोडली. भिंतीपलीकडून बाबांचा आवाज आला.

“हितेंद्रा, मी आहे. घास घे.”

त्याला हसू आलं. म्हाताऱ्याला थट्टा सुचली होती. त्याने घास घेतला.

“हितेंद्रा, मी आहे. घास घे.”

आवाज तोच. तेवढाच मऊ, तेवढाच सावकाश. त्याने दुसरा घास घेतला.

“भाकरी छान झालीय, बाबा,” तो भिंतीला म्हणाला.

पलीकडे काही नाही.

“हितेंद्रा, मी आहे. पाणी घे.”

तो पाणी प्यायला. समोर चुन्याची भिंत होती. एका जागी ओल येऊन पोपडा सुटला होता. वर उंचावर एक झरोका होता, अंधारा. बाबा त्यातून बघत होते की नव्हते, कळायला मार्ग नव्हता.

“वरणात मीठ कमी आहे थोडं,” तो म्हणाला. मीठ अगदी बेताचं होतं. त्याला नुसतं उत्तर हवं होतं.

“हितेंद्रा, मी आहे. घास घे.”

“बाबा, ऐकताय ना?”

…

“तुम्हाला राग आला का माझा?”

“हितेंद्रा, मी आहे. घास घे.”

हातात घास तसाच राहिला. त्याने तो तोंडापाशी नेला, आणि त्याचे ओठ मिटले. त्याने मिटले नव्हते. ते मिटले. पोटात भूक होती, समोर अन्न होतं, तरी ते उघडेनात.

“हितेंद्रा, मी आहे. घास घे.”

“बाबा… तुम्ही इकडे या ना.”

“हितेंद्रा, मी आहे. पाणी घे.”

“मला नको पाणी. तुम्ही समोर येऊन बसा. तुम्ही समोर बसलात तर मी जेवतो.”

बोलून गेला, आणि मग त्याचे शब्द त्याचे त्यालाच ऐकू आले.

पलीकडचा आवाज थांबला. मग पडवीत काठी टेकल्याचा आवाज आला, आणि बाबा भिंतीला वळसा घालून आत आले. हितेंद्रच्या समोर, ताटापलीकडे, जमिनीवरच बसले. नाना बसायचे तसे.

हितेंद्रने खाली मान घातली. हातातला घास ओला झाला होता. त्याने तो तोंडात घातला. घास गळ्याखाली उतरला.

बाबा बघत होते. त्याने मान वर केली तेव्हाही बघत होते.

“मी येऊ का तुझ्याबरोबर?” बाबांनी हळूच विचारलं.

हितेंद्रने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. ते थरथरत होते. उजव्या हाताला वरण लागलं होतं. तांब्यातलं उरलेलं पाणी त्याने त्या हातावर ओतून घेतलं, आणि रीत म्हणून खरकटं ताट उचलायला वाकला.

बाबांनी ताटाच्या काठावर हात ठेवला.

“राहू दे. ते कोणीही घासेल.”

हितेंद्र उठला आणि ओट्याच्या पायऱ्या उतरून एकटाच घराकडे निघाला.