गाठी नसलेली दोरी

एकदा एका डोंगराळ मुलखात एक विस्तीर्ण रान होते. ते कोणा राजाचे नव्हते की सावकाराचे नव्हते. पायथ्याच्या बारा गावांचे मिळून होते. त्या गावांचे झरे त्या रानातून निघत, त्यांची गुरे त्याच्या कडेला चरत. रानाचे बारा भाग पाडलेले होते, प्रत्येक भागाला एक रखवालदार होता, मदतीला बोलवायला त्याच्या गळ्यात शिंग असे, आणि या बाराजणांवर एक वनपाल होता.

त्या वेळचा वनपाल वृद्ध होता. त्याने एक रीत घालून दिली होती. रखवालदारांना लिहिता-वाचता येत नसे, म्हणून प्रत्येकाच्या कमरेला अंबाडीची एक दोरी असे. आपल्या भागात तोडलेल्या झाडाचा ताजा खुंट दिसला की रखवालदाराने दोरीला एक गाठ मारायची. अमावास्येला सगळे कचेरीपुढच्या पारावर जमत, दोऱ्या पुढे ठेवत आणि पुढच्या महिन्यासाठी नवी दोरी घेत. मग म्हातारा एकेकाला बरोबर घेऊन रानात जाई आणि म्हणे, "चल, ही गाठ दाखव." कुऱ्हाड कुठून लागली, गाडीची चाकोरी कुठे वळली, हे दोघे मिळून पाहत. चोर सापडायचे ते असे. गाठींवरून मात्र तो कोणाला एक शब्दही वावगा बोलला नाही.

वय झाले तेव्हा त्याने आपल्या शिष्याला वनपाल केले. शिष्य प्रामाणिक होता, कष्टाळू होता, आणि त्याला रान चोख करून दाखवायची फार घाई होती. पहिल्याच अमावास्येला त्याने दोऱ्या हातात घेतल्या, गाठी मोजल्या आणि सर्वांदेखत विचारले, "इतक्या गाठी? झोपला होतात का?" त्याच दिवशी त्याने नवा नियम केला. ज्याच्या दोरीला गाठ नाही त्याला फेटा बांधून मान द्यायचा, आणि ज्याच्या दोरीला ओळीने तीन अमावास्या दहाहून जास्त गाठी, त्याचा बिल्ला काढून घ्यायचा. रानात चालत जाऊन गाठी पाहण्याची रीत त्याने बंद केली. त्यात दिवस वाया जातो असे त्याचे मत होते.

वर्षभरात अकरा दोऱ्या गुळगुळीत झाल्या. कोंडाजी नावाच्या रखवालदाराने तर ओळीने पाच फेटे मिळवले. त्याची दोरी कचेरीच्या दारावर शोभेला टांगली गेली. पेठेतला लाकडांचा व्यापारी येता-जाता तिच्याकडे बघून म्हणे, "वनपालसाहेब, असं राज्य आम्ही पाहिलं नव्हतं!" साहेबांना ते ऐकायला गोड वाटे. व्यापाऱ्याला इतका आनंद का होतो, हा साधा प्रश्न मात्र त्यांना एकदाही पडला नाही. मला या गोष्टीत व्यापाऱ्याचा राग येत नाही, तो त्याच्या धंद्याला जागला. राग येतो तो या न पडलेल्या प्रश्नाचा.

बारावी दोरी धाकूची होती. तिला दोन अमावास्या वीस-वीस गाठी होत्या.

"आता पुढच्या अमावास्येला दहाच्या वर एक जरी गाठ दिसली, तर बिल्ला इथे ठेवायचा आणि रानातली झोपडी सोडायची," शिष्याने त्याला बजावले.

धाकू पारासमोर उभा होता. बायको, दोन पोरी आणि एक म्हैस एवढाच त्याचा संसार त्या झोपडीत होता. तरी तो मान खाली न घालता बोलला. "साहेब, झाडं म्या तोडली न्हाईत. म्या मोजली. तोडनारे सहाजन येत्यात, कुऱ्हाडी घेऊन. म्या एकला. गेल्या म्हैन्यात भर दुपारी तीन येळा शिंग फुकलं. कुनी आलं न्हाई."

ते शिंग शिष्याने ऐकले होते. त्या दुपारी तो व्यापाऱ्याकडे लग्नाच्या पंगतीत बसला होता. पानात नुकतीच जिलबी वाढली होती. "हा धाकू नेहमीच शिंग फुंकतो," असे म्हणून त्याने पुढचा घास घेतला होता.

"सबबी नकोत," तो म्हणाला. "बाकी अकराजणांना जमतं ते तुलाच का जमत नाही?"

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

अमावास्येला आठ दिवस उरले असताना शिष्य गुरूंच्या भेटीला गेला. मोठ्या समाधानाने म्हणाला, "आबा, रान आता चोख झालं. एकच रखवालदार नासका निघाला, सहा कुऱ्हाडवाले आले म्हणत सारखा शिंग फुंकतो, पंगतीत जिलबी खातानाही ते ऐकावं लागतं. त्यालाही या अमावास्येला काढतो."

म्हाताऱ्याने सगळे ऐकून घेतले. तो उठला, कोपऱ्यातली कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "चल माझ्याबरोबर. मात्र मी सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही."

दोघे कोंडाजीच्या भागात आले. म्हातारा एका तरण्या सागाजवळ थांबला. बारा वर्षांपूर्वी त्यानेच ते रोप लावले होते. त्याने खोडावर हात फिरवला, धोतराचा सोगा खोचला आणि भर दुपारी त्या झाडावर कुऱ्हाड घातली.

शिष्य पुढे धावला. "आबा! हे काय करता? ज्या रानाची शपथ तुम्ही मला घ्यायला लावलीत, त्याच्यावर तुम्हीच घाव घालता?"

"तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं," म्हातारा म्हणाला, आणि घाव घालत राहिला. आवाज डोंगराला जाऊन परत येत होता. साग आडवा झाला. दोघे तिथेच बसून राहिले. उन्हे कलली तरी कोणी फिरकले नाही. मग म्हातारा उठला आणि खोड तिथेच टाकून निघाला.

दुसऱ्या दिवशी ते धाकूच्या भागात गेले. तिथेही म्हाताऱ्याने स्वतः लावलेलाच एक साग निवडला. सात-आठ घावांत तो कोसळला, आणि त्याच वेळी झाडीतून काठी उगारून धाकू धावत आला.

"कुऱ्हाड खाली!" तो ओरडला. मग समोर कोण आहे हे त्याला दिसले आणि काठी हळूहळू खाली आली. "आबा? तुमी?"

"हो, मीच. झाड मीच लावलेलं आहे, धाकू. मला घराला वासा हवा होता."

धाकूचा चेहरा रडवेला झाला, पण त्याने हात पुढे केला. "लावलं तुमी, ते बारा गावांच्या रानात लावलं. आता ते तुमचं न्हाई. कुऱ्हाड द्या."

"अरे, कोणाशी बोलतोयस?" शिष्य मध्येच उसळला. "ओळखलं नाहीस का?"

"वळखलं, साहेब. म्हनून तर वंगाळ वाटतंय." धाकूने कुऱ्हाड ताब्यात घेतली. कमरेची दोरी सोडून त्याने शिष्यासमोरच तिला एक गाठ मारली. ती कितवी होती आणि तिने आपले काय होणार, हे त्याला पुरते ठाऊक होते. "आबा, रीत तुमचीच हाय. एका झाडाला धा रोपं लावायची आन् जगंस्तवर झऱ्याचं पानी घालायचं."

"घालतो," म्हातारा म्हणाला. पंचाहत्तरीच्या त्या माणसाने दुसऱ्या दिवसापासून खांद्यावर कावड घेतली. धाकूने मागितलेली दहा रोपे त्याने लावलीच, आणि आणखी दहा लावली. कोंडाजीच्या भागातल्या झाडाचा दंड त्याच्याकडे कोणी मागितला नव्हता.

अमावास्येला पार भरला. गावचे लोक होते, व्यापारी तर पुढच्याच ओळीत होता. म्हातारा मातीने भरलेल्या हातांनी येऊन कडेला बसला. कोंडाजीने आपली दोरी पुढे ठेवली. ती गुळगुळीत होती. शिष्याने ती उचलली, या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून सरकवली आणि पुन्हा सरकवली. त्याच्या डोळ्यांदेखत पडलेल्या झाडाची गाठ त्या दोरीत नव्हती.

मग धाकूने आपली दोरी ठेवली. तिला एकवीस गाठी होत्या. दोरीशेजारी त्याने न सांगताच आपला बिल्लाही काढून ठेवला.

"घ्या काढून एकदाचा," व्यापारी पुटपुटला.

"थांबा," शिष्य म्हणाला. "कोंडाजी, चल. तुझा भाग दाखव."

सगळे रानात गेले. जिथे साग पडला होता तिथे खोड नव्हते, खुंटही नव्हता. पाचोळ्याचा एक ढीग तेवढा होता. म्हाताऱ्याने काठीने तो बाजूला केला. खाली शेणमातीने लिंपलेला, वरून जाळून काळा केलेला खुंट निघाला. पलीकडे आणखी एक ढीग होता, त्याच्या पलीकडे आणखी एक. तिन्हीसांजेपर्यंत एकेचाळीस खुंट उघडे पडले. वरून हिरवे दिसणारे ते रान आतून पोखरले गेले होते. व्यापारी केव्हाच निघून गेला होता.

कोंडाजी पुढे झाला. "साहेब, पयल्या अमावास्येला माझ्या दोरीला सात गाठी हुत्या. समद्यांम्होरं तुमी इचारलंत, झोपला हुतात का? म्या तीन दिस त्या चोरांमागं उपाशी हिंडलो हुतो. त्या दिशी घरी जाऊन ठरवलं, ह्या मानसाला खुंट दाखवायचे न्हाईत. आधी नुस्ता पाचोळा टाकला. मंग चोरांनाबी कळलं, ह्यो झाकतोय. मंग त्यांनी कुऱ्हाडी लपवायच्याबी सोडल्या."

शिष्याचा संताप अनावर झाला. "पाच फेटे घेतलेस तू माझ्याकडून! याचा बिल्ला आत्ताच्या आत्ता..."

"त्याच्यावर ओरडू नकोस!" म्हातारा इतक्या मोठ्याने गरजला की सगळे दचकले. त्याला असे रागावलेले कोणी पाहिले नव्हते. "त्याने पाप केलं, तो त्याचा दंड भरेल. पण हे एकेचाळीस खुंट लिंपायला शेणमाती तू पुरवलीस. बारा माणसं तुझ्या हाती दिली होती, ती रानाकडे बघावीत म्हणून. तू त्यांना तुझ्या तोंडाकडे बघायला शिकवलंस. गाठ ही चोरीची खबर असते, मूर्खा. खबर आणणाऱ्यालाच तू गुन्हेगार ठरवलंस. ज्याने डोळे मिटले त्याला फेटा बांधलास, आणि एकटा माणूस सहा कुऱ्हाडींपुढे उभा राहून शिंग फुंकत होता तेव्हा तू जिलबी खात होतास! वरिष्ठाचं काम दोरी मोजण्याचं नसतं, दोरीमागोमाग चालण्याचं असतं. हे तुला कळावं म्हणून मला हातची वाढवलेली दोन झाडं मारावी लागली. ते करताना मला काय झालं, ते तुला सांगून समजायचं नाही."

शिष्याने आपल्या कमरेची दोरी सोडली. वनपालाच्या कमरेलाही दोरी असे, पण ती नुसती मानाची. तिला आजवर कोणी गाठ मारलेली नव्हती. तो त्या खुंटांमध्ये मांडी घालून बसला आणि एकेक करून एकेचाळीस गाठी मारू लागला. अंधार पडेपर्यंत ते चालले होते.

सकाळी कचेरीच्या दारावरची कोंडाजीची दोरी उतरली आणि तिथे शिष्याची दोरी टांगली गेली. त्याने आपल्या हातांनी धाकूला बिल्ला लावला आणि फेटा पुढे केला.

धाकूने फेटा घेतला नाही. "फेटा नगं, साहेब. शिंग वाजलं की या, येवढंच करा."

कोंडाजी फेट्यांचा मान गमावून साधा रखवालदार म्हणून राहिला. तो आणि शिष्य रोज पहाटे झऱ्यावरून कावडी वाहत. एका झाडाला दहा, म्हणजे म्हाताऱ्याने भरपाई केलेला साग सोडून उरलेल्या चाळीस झाडांना किती रोपे होतात ते वाचकांनी मांडून पाहावे. पुढच्या अमावास्येला बाराही दोऱ्यांना गाठी होत्या. कोणी मान खाली घातली नव्हती आणि कोणी काही झाकलेही नव्हते.

काही दिवसांनी व्यापाऱ्याने पुन्हा मोठी पंगत घातली. वनपाल गेला नाही. आपल्या घरीच तो जेवायला बसला होता. पहिला घास तोंडाशी नेला आणि दूरवरून धाकूचे शिंग ऐकू आले. हातातला घास पानात पडला. चूळ न भरता, खरकट्या हातानेच त्याने काठी उचलली आणि तो धावत सुटला. वाटेत दुसऱ्या भागांतूनही पावले वाजू लागली. सगळ्यांच्या पुढे कोंडाजी होता.

सहा कुऱ्हाडवाले त्या दिवशी तेरा माणसांच्या मध्ये उभे राहिले, आणि त्यांनी व्यापाऱ्याचे नाव सांगायला फार वेळ घेतला नाही.

ज्याच्या टेबलावर "सर्व ठीक आहे" एवढेच कागद येतात, त्याने एकदा उठून पाचोळा बाजूला करून पाहावा.