धापूच्या घरातली थंडीबाई

एक होता वाळूचा मुलूख. तिथं नदी नाही, ओढा नाही, नजर जाईल तिथवर नुसती वाळू. दिवसा ती अशी तापायची, की उंटसुद्धा पाय उचलून उचलून टाकायचा. आणि सूर्य बुडाला की तीच वाळू गार व्हायची. इतकी गार, की माणसं घोंगडी ओढून बसायची.

मग संध्याकाळी तिथल्या बायका काय करायच्या? दारं-खिडक्या सताड उघडायच्या. मग प्रत्येक घरात एकेक थंडीबाई यायची. कापसासारखी हलकी, पांढऱ्या केसांची एवढीशी म्हातारी. येऊन कोपऱ्यात बसायची. ऊन चढायच्या आत दारं लावली, की दिवसभर आतच राहायची. आणि बाहेर फिरायची झळबाई, लाल डोळ्यांची. कुणाचं दार किलकिलं दिसतंय का, बघत. ती आत शिरली की थंडीबाई विरघळायला लागायची, बरं का.

तर तिथं राहत होत्या दोन जावा. थोरली गवरा, धाकटी धापू. घरं एकमेकींना लागून, मधे एकच भिंत. पण धापूचं घर दुपारीही गार, आणि गवराचं म्हणजे भट्टी. गवराची मुलगी तुळछी सकाळीच उशी उचलून काकूकडे जायची. तिथं झोप लागते, म्हणायची. ते गवराच्या जिव्हारी लागायचं. आज झोपेपुरती जाते, उद्या लेक कायमचीच जाईल, असं तिला वाटायचं. मग ती सारखी दाराशी जायची, दार उघडायची, धापूकडे बघायची आणि जळायची.

आधी तिनं धापूचा माठ मागून आणला. घर गार होईना. मग धापूच्या खिडकीचा जाड पडदा मागून आणला. तरी घर गार होईना. धापूनं दोन्ही हसत दिले, त्याचा तर गवराला जास्तच राग आला.

"राणीसाहेबांच्या घरी हिमालय पाहुणा आलाय वाटतं," गवरा म्हणाली.

"या की जाऊबाई, तुम्हीही बसा," धापू म्हणाली. पण गवरा कसली जाते.

मग एके दिवशी पहाटे धापू विहिरीवर गेली. गवरा गुपचूप तिच्या घरात शिरली. कोपऱ्यातल्या थंडीबाईला तिनं कडेवर उचललं आणि आणलं आपल्या घरी. आता गवराकडे दोन थंडीबाया, धापूकडे एकही नाही. तुळछीला तिनं सांगितलं, आज जायचं नाही, आज आपलं घर गार आहे.

खरंच गार होतं. पण गवराला चैन पडेना. धापूचं काय झालं, ते बघायला हवं ना. तिनं दार उघडलं. धापू उंबऱ्यावर बसून घाम पुसत होती. गवराला बरं वाटलं.

थोड्या वेळानं पुन्हा उघडलं. धापू पदरानं वारा घेत होती. गवराला आणखी बरं वाटलं. इतकं, की तिच्या हाताखालून तुळछी बाहेर सटकली, ते कळलंच नाही.

तिसऱ्यांदा उघडलं, तर काय? धापूच्या मांडीवर तुळछी पडली होती. तोंड उन्हानं लालबुंद, डोळे मिटलेले. धापू तिच्या कपाळावर पाणी शिंपडत होती.

गवरा धावली. लेकीला उचललं, धापूलाही हाताला धरून घरात आणलं. बघते तर काय, झळबाई आत येऊन बसलेली, आणि थंडीबाया मुठीएवढ्या झालेल्या.

"हिला वाचवा," गवरा थंडीबायांना हात जोडून म्हणाली. "मी चोरी केली, हिनं काही केलं नाही."

गवराच्याच घरची थंडीबाई म्हणाली, "बाई, मी रोज तुझ्याकडे येत होते. तू दार उघडून शेजारी बघायचीस, आणि मी विरघळायचे. आता दार लाव, आणि उघडू नकोस."

मग धापूनं ओल्या फडक्यानं वारा घालून झळबाईला बाहेर हाकललं. गवरानं दार लावलं आणि दाराला पाठ टेकून बसली. दोन्ही थंडीबाया तुळछीच्या उशाशी बसल्या. दुपार कलली. बाहेर धापूची कोंबडी ओरडली, उंट ओरडला, कुणीतरी हाकही मारली. गवरानं वळूनसुद्धा बघितलं नाही. ऊन उतरलं तेव्हा तुळछीनं डोळे उघडले आणि म्हणाली, "आई, इथं किती छान झोप लागली."

मग गवरा धापूच्या गळ्यात पडून रडली. धापू म्हणाली, माझा पडदा तेवढा परत द्या.

पुढं दोघींनी मधल्या भिंतीला एक छोटं दार पाडलं. गवराची सवय काही पुरती गेली नाही, पण आता ती आतल्या आत डोकावायची. त्यामुळं झळबाई बाहेरच राहिली, आणि दोन्ही घरं गार राहिली. सगळी सुखानं नांदली.

चला, आता तुमचीही दारं लावा. ही डोळ्यांची. आणि शेजारचा झोपलाय का, ते उघडून बघायचं नाही.