भिवरेची पाटी

फार वर्षांपूर्वी, डोंगरात माणसांपेक्षा शेळ्या जास्त होत्या तेव्हाची गोष्ट. चिंचखोल गावाच्या दोन वाड्या होत्या, वरची आणि खालची, आणि दोन्हींच्या मधे कातळात कोरलेलं पाण्याचं एकच टाकं. उन्हाळाभर तिथं कुणाच्या शेळ्या पाणी पिणार, हे धुळवडीला कातळावर रेघा आखून, खड्यांनी वाघ-बकरीचा डाव मांडून ठरायचं. वाघांनी बकऱ्या खाल्ल्या तर वाघ जिंकले, बकऱ्यांनी वाघ कोंडले तर बकऱ्या. वाघ कायम वरच्या वाडीचे, बकऱ्या कायम खालच्या वाडीच्या. असं का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बकऱ्या दरसाल हरायच्या, आणि खालच्या वाडीची करडं भर उन्हात दोन कोसांवरच्या नदीला जाताना वाटेतच माना टाकायची.

खालच्या वाडीत भिवरा नावाची धनगरीण होती. तिचं कपाळावर चांदणी असलेलं करडू गेलं, त्यानंतरच्या धुळवडीला ती पदर खोचून डावाला बसली. दुपारच्या आत हरली. वरच्या वाडीचा राघोजी मिशीत हसला.

"पूस आता डाव, बाई."

"पुसू नगा, दादा. कुठं हरले ते बगायचंय मला."

तिनं सगळ्या खड्यांवर आपली डोक्यावरची वेताची पाटी उपडी घातली आणि घरी गेली. सकाळी येऊन पाटी उचलली, आणि बसली ती राघोजीच्या जागेवर, वाघाच्या बाजूनं. असं म्हणतात, की तिथून बघताना तिला पोटभर हसू आलं. इतका आयता घास आपण वाढून ठेवला होता!

पुढच्या साली ती नव्या तऱ्हेनं हरली. त्याच्या पुढच्या साली आणखी नव्या. एकदा तर तिनं अंगणात चुन्यानं डाव आखून खऱ्या शेळ्याच घराघरांवर उभ्या केल्या. त्यांनी शेजारणीचा घेवडा फस्त केला. शेजारीण बोंब मारत आली, तिच्यामागं तिचं कुत्रं भुंकत आलं, आणि शेळ्या पळायच्या सोडून एकमेकींना पाठ लावून उभ्या राहिल्या. भिवरा टाळ्या पिटत नाचली. बकरीच्या मागचं घर मोकळं असेल तरच वाघ उडी मारून तिला खातो, आणि आजवर सगळे बकऱ्यांना लांब लांब पळवत होते!

आठव्या धुळवडीला तिनं बकरी थेट वाघाच्या नाकासमोर ठेवली, आणि तिच्या पाठीशी दुसरी. डाव तीन दिवस चालला. असं म्हणतात, की तिचे खडे बें बें करू लागले, आणि रानातला खराखुरा वाघ कातळाच्या कडेला येऊन बसला. राघोजीचा शेवटचा वाघ कोंडला गेला, तेव्हा त्या रानातल्या वाघानं उसासा टाकला आणि मुकाट निघून गेला.

ढोल वाजले. राघोजीची मिशी उतरली. भिवरा म्हणाली, "पानी दोघांच्याबी शेळ्या पितील, दादा. पन पुढल्या साली बकऱ्या तुमच्याकडं. लई मजा असती बगा."

राघोजी पुढं नऊ वर्षं हरला, आणि दरसाल जास्तच खुशीत घरी गेला, असं म्हणतात.

भिवरा गेली, टाकं आहे, कातळावरच्या रेघा आहेत. चिंचखोलात आजही हरलेला डाव कुणी पुसत नाही. त्यावर पाटी उपडी घालतात, आणि हरलेला माणूस सकाळी येऊन समोरच्याच्या जागेवर बसतो. परवाच एक गुडघ्याएवढी पोरगी नाक ओढत कातळावरून घरी निघाली होती.

"काय गं, हरलीस?" कुणीतरी विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली, "पाटी ठिवलीया."