प्रोसेसरआजोबांची मतमोजणी

फार जुनी, म्हणजे कंप्युटरच्या हिशेबाने फार जुनी, गेल्याच्या गेल्या दिवाळीतली गोष्ट. शार्दूलचा गेम ऐन लढाईत अडकायला लागला, तेव्हा त्याच्या कंप्युटरच्या डब्यात सभा भरली.

“मी चित्रं काढायला सज्ज बसायचं, आणि या प्रोसेसरआजोबांचा विचारच संपायचा नाही,” ग्राफिक्स कार्ड कुरकुरलं. “नवा प्रोसेसर आणा.”

पंख्यासकट सगळ्यांनी मतं दिली. पण मोजणार कोण? त्या डब्यात मोजता फक्त आजोबांनाच येत होतं. त्यांनी बराच वेळ घेऊन, अगदी प्रामाणिकपणे मतं मोजली आणि सांगितलं, “मला काढायचं ठरलंय.”

टाळ्या पडल्या. मग मदरबोर्डकाकू म्हणाल्या, “अहो, पण नवा माझ्या खाचेत बसायचा नाही. म्हणजे मलाही काढणार.”

“काकू, नव्या बोर्डावर मीही चालत नाही,” रॅम म्हणाली.

“आणि नवा आला की सगळ्यांत हळू मीच ठरणार,” कार्ड पुटपुटलं.

मग ते आजोबांकडे वळलं.

“आजोबा, मतं परत मोजता का?” कार्डाने विचारलं.

“मोजतो की. पण मला वेळ लागतो, बाळा.”

“लागू द्या,” सगळे एकदम म्हणाले. “घाई कुणाला आहे?”